भिंत आहे, नोंद नाही

१

नीरजाविरुद्धची पोलीस तक्रार नीरजालाच टाइप करावी लागली. कारण साधं होतं. कार्यालयातले मराठी टाइपरायटर भंगारात निघाले होते, टायपिस्ट बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि कॉम्प्युटरवर मराठी उमटवता येणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं.

मी पोचले तेव्हा तो कागद प्रिंटरमधून कर्रकर्र करत बाहेर येत होता. नीरजा वानखडे शेजारी उभी राहून त्याच्या भोकं असलेल्या कडा नीट फाडत होती. 'सदर ऑपरेटरने हेतुपुरस्सर शासकीय नोंद नष्ट केली' असं त्यात लिहिलेलं होतं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दारात मोठे साहेब, म्हणजे तिथले कार्यकारी अभियंता, खोलीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभे होते.

"गोसावी मॅडम, आपण उगाच त्रास घेतलात," ते मला म्हणाले. "प्रकरण मिटल्यातच जमा आहे. संध्याकाळी शिपाई हे पत्र चौकीत नेऊन देईल."

"मग संध्याकाळपर्यंत मी बसते," मी म्हटलं. "खुर्ची मिळेल ना? का तीही नोंदीतून गेली?"

माझं नाव मुक्ताई गोसावी. बांधकाम खात्याच्या दक्षता शाखेत मी काम करते आणि लोकांना मी आवडत नाही. मला एका जागी बसवत नाही, चौकशी करतानाही मी खोलीत येरझारा घालते, आणि समोरच्याची मान माझ्यामागे फिरून दुखायला लागली की तो खरं बोलतो असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी तर सगळ्या इमारतीलाच चैन नव्हती. वीज सारखी जात होती, यूपीएस टूं टूं करत होता, आणि मुंबईच्या फॅक्सची वाट बघणारा माणूस दर थोड्या वेळाने उठून फोन चालू आहे का ते ऐकत होता.

साल एकोणीसशे नव्याण्णव. नव्या सहस्रकात सरकारने कागदाशिवाय जायचं ठरवलं होतं. बांधकामाच्या सगळ्या कंत्राटांच्या नोंदी जाड नोंदवहीतून कॉम्प्युटरमध्ये चढवायच्या, दर महिन्याचा अहवाल फ्लॉपीवर मुंबईला पाठवायचा, आणि पुढच्या महिन्यापासून नोंदवह्या बांधून गोदामात टाकायच्या, असा हुकूम होता. म्हणजे यापुढे कुणी काय बांधलं आणि कसं बांधलं हे मशीन सांगणार होतं.

आणि मशीन म्हणत होतं, की रंगराव भिंताडे या कंत्राटदाराने आयुष्यात काही बांधलेलंच नाही.

रंगराव व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. नवीन शाळेच्या निविदेला जुन्या कामाचा दाखला लागतो, आणि तो काढायला आला तेव्हा नोंद गायब असल्याचं उघड झालं होतं. हडपसरच्या पलीकडचा, पांढऱ्या टोपीचा, सावकाश बोलणारा माणूस. येरवड्याच्या शाळेची कंपाउंड भिंत त्याने बांधली होती.

"बाई, भिंत हाय की तिथं," तो मला म्हणाला. "म्या रोज जाऊन बगतो. मशीन नाय म्हनलं म्हनून ती पडंल व्हय?"

मी त्याला म्हटलं, भिंत पडणार नाही. पण आत त्या मुलीचं काय होईल हे मला अजून सांगता येत नव्हतं.

२

नीरजा नागपूरकडची. कोथरूडला तिघीजणींत एक खोली घेऊन राहायची, एका खाजगी एजन्सीमार्फत इथे कामाला लागली होती. पोलिसात नाव गेलं की एजन्सी त्याच दिवशी काढणार आणि त्यानंतर पुण्यात तिला कुणी की-बोर्डला हात लावू देणार नाही, हे तिला माहीत होतं. मला तिची दया आली आणि रागही आला, कारण ती भांडत नव्हती.

"मी काहून करीन जी असं?" एवढंच ती म्हणाली. "माझ्याच हातानं भरलेलं मी काहून पुसीन?"

तिच्याकडून मला कळलं ते असं. कॉम्प्युटरला पासवर्ड होता खरा, पण तो 'गणपती' होता आणि सगळ्या कार्यालयाला ठाऊक होता. मागच्या आठवड्यात एकदा ती डबा खाऊन परतली, तर वीज गेलेली, यूपीएस शेवटचे आचके देत होता आणि तिने बंद केलेला पडदा चालू होता. कुणीतरी घाईने उठून गेलं होतं. तिने ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही. रंगरावची तक्रार आल्यापासून खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात.

"नोंद पुसायला काय लागतं?" मी विचारलं.

तिने सांगितलं, की फार काही लागत नाही. इंग्रजीत 'डिलीट' टाइप करायचं, पुढे नोंदीचा नंबर, मग 'पॅक'. मशीन नाव दाखवत नाही, खात्री आहे का असंही विचारत नाही. गेली ती गेली, आणि खालच्या सगळ्या नोंदी एकेक पायरी वर सरकतात. उलट नोंदीत काही बदलायचं झालं तर मराठीत टाइप करावं लागतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला येत नाही.

ही आज्ञा मात्र तिघांना येत होती. कोथरूडच्या एका क्लासमध्ये खात्याने तिघांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. हेडक्लार्क बद्रीनाथ, कनिष्ठ अभियंता अवधूत, आणि उपअभियंता दिगंबर केसकर.

मी चहा मागवला आणि तिघांना एकेक करून बोलावलं.

३

बद्रीनाथ हेडक्लार्क आत आले ते नोंदवही काखेत घेऊनच. मशीन त्यांना सवतीसारखं वाटत होतं आणि ते लपवत नव्हते. माझ्या नोंदवहीत छप्पन्नाव्या नंबरला रंगरावची भिंत आहे आणि सत्तावन्नाव्याला सर्जेरावाचं वसतिगृह आहे, ते म्हणाले, ती पानं काय उंदराने खाल्ली तरच जातील. मशीन नापास झालं याचा त्यांना आनंद झालाय का, असं मी विचारलं. झालाय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. नोंदवह्या गोदामात जाणं टळलं तर ते सत्यनारायण घालणार होते.

म्हणजे यांना कारण होतं. नोंद कुणाचीही गेली तरी चालणार होतं, मशीनची अब्रू गेली की झालं.

अवधूत पंचविशीतला, कानाला फोन नसतानाही फोनवर असल्यासारखा बोलणारा. त्याच्या कॉलेजच्या मित्राची फर्म त्याच नवीन शाळेच्या निविदेत होती, आणि रंगराव बाद झाला तर काम त्या मित्राला मिळत होतं. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही. मी तीनदा खोलीला फेरी मारल्यावर सांगितलं.

"पण मॅडम, मी डिलीट केलं असतं तर बॅकअप बघून, क्लीन केलं असतं," तो म्हणाला. "आणि माझ्यावरच डाउट का? केसकर सरांना विचारा ना. ते टोटल अँटी-मशीन आहेत. उद्घाटनाला सगळ्यांनी पेढा घेतला, त्यांनी हातपण नाही लावला."

तिसरे दिगंबर केसकर. सदाशिव पेठेतले, परीटघडीचा शर्ट, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. मी त्यांच्यात मशीनचा राग शोधत होते आणि मला उलटंच दिसलं. कॉम्प्युटर यायलाच हवा होता, त्यांनी मला सुनावलं. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त टिपणं त्यांनीच काढली होती. डिलीट आणि पॅकमधला फरक त्यांनी मला इतका छान समजावून सांगितला की मीही क्षणभर बसले.

रंगरावशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्या भिंतीशी त्यांचा संबंधही आला नव्हता. मी उठता उठता विचारलं, की 'निकृष्ट काम' असा शेरा असलेले कंत्राटदार कोण आहेत, त्यांच्यापैकी कुणी चिडून काही केलं असेल का?

"आता मशीनमध्ये तसा शेरा असलेलं एकही कंत्राट नाही," केसकर म्हणाले. "तेव्हा तो प्रश्नच उद्भवत नाही."

मी मान हलवली आणि त्यांना जायला सांगितलं.

दुपार कलली होती. एकाला मशीनचा राग, दुसऱ्याला मित्राची माया, तिसऱ्याला काहीच नाही. मोठ्या साहेबांनी दारातून डोकावून घड्याळाकडे बोट दाखवलं. पत्रावर त्यांनी सही केली होती.

४

मला भयंकर अस्वस्थ वाटत होतं. रंगरावची नोंद पुसावी असं खरं कारण फक्त अवधूतला होतं, आणि अवधूत इतका आपमतलबी होता की त्याने ते नीटनेटकं केलं असतं. मी मोठ्या साहेबांकडून किल्ली घेतली, म्हणजे अक्षरशः हात पुढे करून उभी राहिले, आणि नीरजाला म्हटलं, चल, मला तुझं मशीन दाखव.

दाराबाहेर आम्ही चपला काढल्या. धूळ नको म्हणून तिथे तो नियमच होता. आत भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो लावला होता. मॉनिटरला झेंडूचा हार, की-बोर्डवर हळदकुंकू, फोडलेला नारळ, आणि भोवती अख्खं कार्यालय अनवाणी उभं. कॉम्प्युटरला एवढा मान कुठल्या मोठ्या साहेबालाही मिळाला नसेल.

मी बद्रीनाथांची नोंदवही मांडीवर घेतली. मशीन आणि वही ताडून बघावी, दुसरं काय करणार. नोंदवहीच्याच क्रमाने सगळं भरलंय, असं नीरजाने सांगितलं होतं.

"वीस नंबर दाखव," मी म्हटलं.

तिने एकवीस टाइप केलं.

"अगं, वीस म्हटलं मी."

"हो, वीसच येईन ते. एक वाढवावा लागते, मॅडम."

पडद्यावर खरोखर वहीतलं विसावं कंत्राट आलं. मी उभी राहिले.

"का वाढवावा लागतो?"

"पहिला नंबर श्रीचा आहे ना," नीरजा म्हणाली, मला एवढंही कसं माहीत नाही अशा स्वरात. "पूजा झाल्यावर बद्रीनाथकाका म्हणाले, नवी वही श्रीशिवाय उघडायची नसते. मशीन असलं म्हणून काय झालं. तर पहिल्या नोंदीत मी नुसतं 'श्री' टाइप केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छापील अहवालात ते येत नाही, कारण त्यापुढं काम नाही, कंत्राटदार नाही. पण मशीन त्याला मोजते."

"सत्तावन्न दाखव," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

वहीतलं सत्तावन्न म्हणजे सर्जेरावाचं मुलींचं वसतिगृह. नीरजाने सवयीने एक वाढवून अठ्ठावन्न टाइप केलं, आणि वसतिगृहाच्या पुढचं कंत्राट आलं. ती गोंधळली. मग एक कमी केला, नुसतं सत्तावन्न दाबलं, आणि वसतिगृह पडद्यावर आलं. 'निकृष्ट काम. छताचा गिलावा कोसळला.' शेरा जिथल्या तिथे होता.

"असं कसं?" ती पुटपुटली. "इथून पुढं एक वाढवावा नाही लागत."

"कारण मधली एक पुसली गेली आणि खालच्या सगळ्या वर सरकल्या," मी म्हटलं. "पुसणाऱ्याला रंगरावची भिंत नकोच होती गं. त्याला वसतिगृह पुसायचं होतं. वहीत ते सत्तावन्न, म्हणून त्याने मशीनला सत्तावन्न सांगितलं. मशीनच्या लेखी सत्तावन्न म्हणजे रंगराव. यूपीएस बोंबलत होता, वर नाव दिसत नाही. श्री मध्ये आला आणि वसतिगृह वाचलं."

नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्याआधी तिच्या ध्यानात आलं होतं की ती सुटली. एक वाढवायचा हे जिच्या बोटांना पाठ होतं, तिचा नेम असा चुकलाच नसता.

पण मी सुटले नव्हते. श्री माहीत नसलेला माणूस मला हवा होता, आणि फोटोत तर अख्खं कार्यालय टाळ्या वाजवत होतं. बद्रीनाथ होते, अवधूत होता, केसकरही होते.

५

मी फोटोसमोर उभी राहिले. मग जवळ गेले, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं.

केसकर फोटोत होते, पण काचेच्या पलीकडे. या खोलीची व्हरांड्याकडची भिंत काचेची आहे. सगळे आत अनवाणी, आणि केसकर बाहेर, पायांत काळे बूट. बाहेरून मॉनिटरची पाठ तेवढी दिसते.

मला पेढा आठवला. मशीनवर एवढं प्रेम असलेला माणूस त्याच्या पेढ्याला हात का लावत नाही? मी तशीच चपला न घालता व्हरांड्यात गेले आणि बद्रीनाथांना गाठलं.

"केसकर साहेब? त्यांना सुतक होतं हो," बद्रीनाथ म्हणाले. "चुलते गेले होते त्यांचे. कामाची घाई म्हणून ऑफिसात आले, पण पूजेत कसे येतील? प्रसाद कसा घेतील? पोराटोरांना काय कळतंय त्यातलं."

मी मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. टेबलावर सही केलेलं पत्र होतं, शिपाई सायकलची किल्ली घेऊन तयार होता, आणि रंगरावही टोपी हातात घेऊन दाराशी येऊन उभा राहिला. नीरजा कपाटाला टेकली होती. मी कुणावर आरोप केला नाही. फक्त विचारलं, आणि केसकरांना पहिलं विचारलं.

"केसकर साहेब, आपल्या मशीनमधली पहिली नोंद कोणाची?"

"शेवाळे आणि मंडळी. विश्रामगृहाची दुरुस्ती," ते ताडकन म्हणाले. "सगळी नोंदवही मला तोंडपाठ आहे, मॅडम."

बद्रीनाथ हसले. "अहो साहेब, वहीत शेवाळे. मशीनमध्ये पहिली नोंद श्रीची. त्या दिवशी नाही का आपण..." आणि ते थांबले, कारण केसकर त्या दिवशी कुठे होते हे त्यांनीच मला आत्ता सांगितलं होतं.

वीज गेली आणि पलीकडच्या खोलीतून यूपीएसचं टूं टूं ऐकू यायला लागलं.

मी सगळं सांगितलं. श्रीचा एक नंबर, भिंत आणि वसतिगृह, काच आणि बूट. केसकरांनी रुमाल काढून मान पुसली. एखाद्याला एक गोष्ट माहीत नसणं हा काही गुन्हा नव्हे, ते म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता.

"नाही," मी म्हटलं. "पण दुपारी आपण मला सांगितलंत, की आता मशीनमध्ये निकृष्ट शेऱ्याचं एकही कंत्राट नाही. एक आहे. वसतिगृह तिथंच आहे, शेऱ्यासकट, मी आत्ता बघून आले. ते गेलंय असं या इमारतीत एकाच माणसाला वाटत होतं. आपण 'आता' म्हणालात, केसकर साहेब. आधी होतं हे आपल्याला ठाऊक होतं."

ते खाली बसले. मोठ्या साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर, विचारल्याशिवाय.

"रंगरावची नोंद गेली असं ऐकलं, तेव्हा मला वाटलं, मशीनने एकाऐवजी दोन खाल्ल्या," ते म्हणाले. "बघायला जायचं तर खोलीला कुलूप. त्या वसतिगृहाचं काम उत्तम झालंय असं मी लिहून दिलं होतं. छत न बघता. सर्जेराव म्हणाला बघायची गरज नाही, आणि जिना चढायचा मला कंटाळा आला होता. मग गिलावा कोसळला आणि शेरा पडला. मुंबईला तो गेला असता तर पहिला प्रश्न मलाच. एवढ्या वर्षांत कधी माझ्याकडे बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती मी."

"आणि या मुलीकडे बोट दाखवलं, तेव्हा?" मी विचारलं.

ते नीरजाकडे बघू शकले नाहीत. मला त्यांचा संताप आला होता, आणि त्या परीटघडीच्या शर्टाची मला कीवही आली. दोन्ही एकदम आलं, त्याला माझा इलाज नाही.

६

मोठे साहेब सरकारी नोकर खरे. त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि लगेच केसकरांविरुद्धचं नवं पत्र तोंडी सांगायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं. आधी नीरजाचं निर्दोष असल्याचं पत्र, एजन्सीच्या नावे, सहीशिक्क्यासकट, मी म्हटलं. एजन्सीला तोंडी सांगतो ना, ते म्हणाले. मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बसले, आणि त्यांना कळलं की मी उठणार नाही.

ते पत्र नीरजाने टाइप केलं. रंगरावची नोंदही तिने पुन्हा चढवली, भिंतीची लांबी-रुंदी त्याच्याकडून विचारून घेऊन. पडद्यावरची मराठी अक्षरं बघायला तो वाकला आणि टोपी घालायचीच विसरला. दाखला घडी घालून खिशात ठेवताना मला म्हणाला, "आता मशीन बी म्हनतंय, हाय म्हनून."

मग मोठ्या साहेबांनी केसकरांविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा नीरजाच्या की-बोर्डशेजारी ठेवला. केसकर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले काचेतून दिसत होते. नीरजाने मसुदा वाचला, सरळ केला आणि परत दिला.

"हे मी नाही करणार, साहेब."

"का? सकाळचं तर केलंस. स्वतःवरचं."

"ते खोटं होतं, म्हणून करता आलं," नीरजा म्हणाली. "हे खरं आहे, अन् दुसऱ्यावरचं आहे. यावर माझा हात नाही उठत."

मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. ते उभ्या उभ्याच, मशीनच्या कव्हरवर कागद ठेवून, हाताने लिहायला लागले आणि पहिल्याच ओळीत ऱ्हस्वदीर्घ चुकले. नीरजाने पडदा बंद केला, यूपीएसचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन चपला घातल्या. बाकाजवळून जाताना ती क्षणभर थांबली. मग कोथरूडची बस चुकेल म्हणून भरभर जिना उतरून गेली.